बर्फाची पाळी



पाटाच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना पाळी म्हणजे काय हे सांगायला नको. पाट एकच, पाणीही तेच. पण ते कोणाच्या शेतात कधी जायचे, यावर पीक ठरते. दिवसाची पाळी मिळाली तर बरे. रात्री दोनची आली, तर फावडे आणि बॅटरी घेऊन थंडीत बांधावर उभे राहावे लागते. आणि रात्रीची पाळी सहसा कोणाच्या वाट्याला येते, हेही तुम्ही जाणताच.

आज अशाच एका पाळीची हकिगत सांगायची आहे. ही पाळी गोठलेल्या पाण्याची, म्हणजे बर्फाची आहे. थंड देशांत फिगर स्केटिंग नावाचा एक खेळ आहे. बुटाच्या तळाला जेमतेम चार मिलिमीटर जाडीचे पोलादी पाते बसवलेले असते. त्या पात्याच्या कडेवर तोल सावरत खेळाडू बर्फावरून घसरतो, गिरकी घेतो, उडी मारतो आणि पुन्हा त्याच कडेवर उतरतो. पूर्वी या खेळात बर्फावर आठाच्या आकड्यासारख्या आकृत्या कोरायच्या असत. आकृतीला इंग्रजीत फिगर म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

आता तुम्ही म्हणाल, 'अहो, आमच्याकडे वैशाखात प्यायला गार पाणी मिळायची मारामार, आणि तुम्ही बर्फावरच्या कसल्या गोष्टी सांगताय?' शंका रास्त आहे. पण मंडळी, ज्याला काही शिकायचे असते, त्याला दोन गोष्टी लागतात : जागा आणि वेळ. पहिलवानाला तालमीची माती लागते, तबलजीला चार लोकांची झोपमोड होणार नाही अशी खोली लागते, तसा स्केटिंग शिकणाऱ्याला बर्फ लागतो. आणि तोही रोज, तासन् तास. तो बर्फ एके काळी फुकट होता. मग त्याला किंमत आली. ती कशी आली, आणि ज्यांच्या खिशात पैसा नव्हता त्यांनी आपली पाळी कशी मिळवली, हे ऐकण्यासारखे आहे.

सुरुवात हाडांपासून करू या. उत्तर युरोपात पोलादी पाती येण्याआधी लोक घोड्याच्या किंवा गाईबैलाच्या पायाचे हाड घासून सपाट करीत आणि ते पायाखाली बांधीत. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन नावाच्या लेखकाने लंडन शहराचे वर्णन लिहून ठेवले आहे. शहराच्या तटाबाहेरची दलदल हिवाळ्यात गोठली की तरुण पोरे पायांना हाडे बांधून, हातात टोकदार काठी घेऊन, बर्फावर जोर देत पाखरासारखी सुसाट जात, असे तो सांगतो. ना तिकीट, ना दरवान. ज्याला हाड मिळेल तो खेळे.

पुढे हॉलंडात लाकडी तळव्याला लोखंडी पाते बसवायची युक्ती निघाली. हॉलंड म्हणजे कालव्यांचा देश. कालवे गोठले की तोच रस्ता आणि तेच मैदान. सतराव्या शतकातला हेंड्रिक आव्हरकांप हा डच चित्रकार अशा हिवाळ्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. त्याची चित्रे पाहावीत : भरजरी पोशाखातले धनिक, जळणाच्या मोळ्या वाहणारे गरीब, पोरेटोरे, म्हातारेकोतारे, सगळे एकाच बर्फावर. कोणी डौलात चालले आहे, तर कोणी आपटून पडले आहे. बर्फाने भेद केला नव्हता, असे ते चित्र सांगते.

इंग्लंडच्या पूर्वेला फेन्स नावाचा पाणथळ मुलूख आहे. तिथली गोष्ट शेतकरी मंडळींना विशेष कळेल. कडाक्याची थंडी पडली की जमीन दगडासारखी होई आणि शेतमजुरांचे काम बंद पडे. काम बंद म्हणजे मजुरी बंद. पण त्याच थंडीने शेतात साचलेले पाणी गोठे, आणि गावोगाव स्केटिंगच्या शर्यती लागत. बक्षीस काय? पीठ, पाव, मटणाची तंगडी. हातावर पोट असणाऱ्या माणसाला बर्फावरचे कसब त्या आठवड्याची भाकरी मिळवून देई. वेल्नी गावचा विल्यम स्मार्ट, ज्याला लोक लाडाने 'टर्की' म्हणत, हा एकोणिसाव्या शतकातला तिथला नामांकित गडी. तोही शेतमजूरच होता. त्याच्या शर्यती वेगाच्या होत्या, आकृत्यांच्या नव्हत्या. पण फुकटच्या बर्फावर गरिबाचे पोर काय करू शकते, हे त्यातून दिसते.

आकृत्यांचे स्केटिंग वाढले ते मात्र बहुतांशी सवड असलेल्या लोकांत. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो स्केटिंग क्लब हा जगातला सर्वांत जुना मानला जाणारा क्लब अठराव्या शतकात निघाला. सभासद व्हायचे तर परीक्षा द्यावी लागे : एकेका पायावर पूर्ण वर्तुळ काढायचे, आणि मग बर्फावर ठेवलेल्या हॅटवरून उडी मारायची, आधी एक हॅट, मग दोन, मग एकावर एक तीन! १७७२ साली रॉबर्ट जोन्स याने लंडनमध्ये या कलेवर इंग्रजीतले पहिले पुस्तक छापले. पुस्तके झाली, क्लब झाले, परीक्षा झाल्या. तरीही बर्फ अजून आकाशातूनच येत होता. थंडी पडेल तेव्हा सराव, वितळेल तेव्हा रजा.

आणि या फुकटच्या बर्फाचीही एक किंमत होती, बरं का. १५ जानेवारी १८६७ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या तळ्यावरचा बर्फ फुटला. सुमारे दोनशे माणसे पाण्यात पडली. त्यांतली ४० दगावली. तळे खोल होते, अंगावर हिवाळी कपड्यांचे ओझे, आणि किती जणांना पोहता येत नव्हते. त्यानंतर त्या तळ्याची खोली कमी करण्यात आली. म्हणजे बर्फ नुसता मोकळा असून भागत नाही. तो सुरक्षित आहे की नाही, हे पाहणारी कोणीतरी जबाबदार संस्था लागते, हे लोकांना जिवाचे मोल देऊन कळले.

न्यूयॉर्क शहराने ही जबाबदारी चांगली उचलली. तिथले सेंट्रल पार्क हे मोठे सार्वजनिक उद्यान अजून बांधून पुरे व्हायचे होते. तरी १८५८ च्या डिसेंबरात त्यातले तळे स्केटिंगसाठी खुले झाले. बर्फ पुरेसा जाड झाला की उंच खांबावर एक लाल गोळा चढवीत. तो दिसला की लोक समजत, आज बर्फ पक्का आहे. शहरात दूर राहणाऱ्यांना कळावे म्हणून घोड्यांच्या ट्रामगाड्यांवर निशाण लावीत. प्रवेशाला पैसा नव्हता. त्या काळात बायकांनी चारचौघांत खेळायला जावे अशी ठिकाणे फार थोडी. पण या तळ्यावर बायकाही मोठ्या संख्येने येऊ लागल्या. आपल्याकडच्या शिक्षकांनी हा लाल गोळा ध्यानात ठेवावा. सार्वजनिक सोय नुसती असून उपयोगी नाही. ती आज चालू आहे हे गरिबाला त्याच्या घरापर्यंत कळवावे लागते.

इथवर बर्फ निसर्गाचा होता. आता तो बाजारात कसा आला ते पाहू, आणि त्यासाठी थोडा वेळ आपल्या मुंबईला येऊ.

अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या तळ्यांवर हिवाळ्यात पोरे खेळत, त्याच तळ्यांचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजात भरून फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी दूर देशी विकीत असे. १८३३ साली त्याचे पहिले जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला लागले. वाटेत बराच बर्फ वितळला, तरी उरला तो विकून पैसे झाले. पुढे तो बर्फ मुंबईतही येऊ लागला, तो ठेवायला बर्फघर बांधले गेले, आणि सर जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या पाहुण्यांना आइस्क्रीमची मेजवानी दिल्याची हकिगत जुन्या मुंबईच्या आठवणींत सांगतात. म्हणजे पाहा, तिकडे जे तळ्यावर फुकट पडले होते, ते इकडे श्रीमंताच्या पंगतीतले पक्वान्न झाले! वस्तूला कापून, झाकून, वाहून नेता आले की तिला भाव येतो. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला, आणि तळ्यांच्या बर्फाचा हा व्यापार बसला. पण त्याच यंत्राने स्केटिंगचा सारा हिशेब पालटून टाकला.

यंत्राआधी एक गमतीचा प्रयोग झाला. १८४० नंतरच्या काही वर्षांत लंडनमध्ये डुकराची चरबी आणि क्षार मिसळून बनवलेला नकली बर्फ जमिनीवर पसरून स्केटिंग चालू केले होते. त्याचा असा काही वास सुटे, की थोड्याच दिवसांत लोकांनी नाक धरून तिकडे पाठ फिरवली.

खरा बर्फ आणला तो जॉन गॅम्जी याने. हा गृहस्थ मुळात जनावरांचा डॉक्टर. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून मांस खराब न होता इंग्लंडला कसे आणावे, याचा शोध घेताना थंडी निर्माण करण्याची रीत त्याच्या हाती लागली. त्याने ७ जानेवारी १८७६ रोजी लंडनच्या चेल्सी भागात 'ग्लेशियारियम' नावाचे बर्फाचे पटांगण उघडले. तळाशी काँक्रीट, त्यावर माती, गाईचे केस आणि फळ्या यांचे थर, म्हणजे खालची ऊब वर येऊ नये. त्यावर तांब्याच्या नळ्या. नळ्यांतून ग्लिसरीन आणि ईथर यांचे थंड मिश्रण फिरे, आणि नळ्यांवर ओतलेले पाणी गोठून बर्फ होई. पुढे त्याच भागात त्याने पक्क्या इमारतीत असेच पटांगण केले. त्याचा बर्फ केवढा? लांबी ४० फूट, रुंदी २४ फूट. आपल्या शाळेचे दोन वर्ग एकापुढे एक ठेवावेत, तेवढा!

आणि त्यावर कोणाला प्रवेश? फक्त सभासदांना; आणि सभासद म्हणजे उमराव आणि बडे लोक. तळ्यावर उमराव आणि मोळीवाला एकत्र घसरत होते. बर्फ छपराखाली आला, तसे त्याला दार आले, आणि दाराशी दरवान आला. १८९६ साली लंडनमध्येच प्रिन्सेस स्केटिंग क्लब निघाला. तोही निवडक लोकांचा खाजगी क्लब. १९०८ सालच्या ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचे सामने प्रथम झाले, ते याच क्लबाच्या बर्फावर.

व्हिएन्नात मात्र वेगळे वळण लागले. एडुआर्ड एंगेलमान हा इंजिनियर स्वतः तीन वेळा युरोपचा स्केटिंग विजेता. त्याने १९०९ साली उघड्या आकाशाखाली कृत्रिम बर्फाचे पटांगण करून दाखवले. छप्पर नको, मोठी इमारत नको. खाली नळ्या, वर मोकळी हवा. हिवाळ्यात थंडी निम्मे काम करी, उरलेले यंत्र करी. पुढे अनेक नगरपालिकांनी उघड्यावर पटांगणे बांधली, त्यांना ही वाट अशी मोकळी झाली. कॅनडातल्या टोरांटो शहरात नगरपालिकेची अशी उघडी पटांगणे आजही आहेत, आणि तिथे लोकांना विनामूल्य स्केटिंग करता येते. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या आपल्या मराठी माणसांची मुले याच बर्फावर पहिल्यांदा आपटतात आणि उठायला शिकतात.

आता थोडा हिशेब समजून घेऊ, कारण सगळी मेख त्यातच आहे. बर्फाचे पटांगण, ज्याला रिंक म्हणतात, ते चालवायचे म्हणजे खालच्या नळ्यांतून थंड द्रव सतत फिरता ठेवावा लागतो. रात्री कोणी खेळत नाही म्हणून यंत्र बंद करून चालत नाही, बर्फ वितळेल. म्हणजे खर्च चोवीस तास, आणि गिऱ्हाईक मात्र ठरावीक वेळीच. संध्याकाळी शाळा-कचेऱ्या सुटल्या की गर्दी. शिवाय कॅनडा-अमेरिकेत आइस हॉकीचे संघ सोयीचे तास आधीच घेऊन बसतात. उरते काय? पहाट, भरदुपार आणि मध्यरात्र.

आपल्या एस.टी.चा विचार करा. रिकामी सीट घेऊन गाडी सुटली, की त्या सीटचे पैसे बुडाले ते बुडाले. ती सीट उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. रिंकचा तासही तसाच. म्हणून शहाणा चालक रिकामा तास कमी दराने देतो, कधी फुकटही देतो. आणि गरीब खेळाडूच्या आयुष्यात हा रिकामा तासच मोलाचा ठरतो.

१९४९ साली फ्रँक झांबोनी याने कॅलिफोर्नियात बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र बनवले. त्याआधी बर्फ खरवडणे, कीस उचलणे, पाणी मारणे, ते गोठू देणे या कामात तीन-चार माणसांचा तासाहून अधिक वेळ जाई. यंत्रावर एकच माणूस ते दहा मिनिटांत करू लागला. वाचलेला तास पुन्हा खेळाला मिळाला. पण आकृत्यांच्या सरावाला आणखी एक अडचण होती. कोऱ्या, स्वच्छ बर्फावरच रेघ दिसते. म्हणून रिंकचे पट्टे पाडून एकेका खेळाडूला एकेक पट्टा तासाच्या भाड्याने देत. त्याला पॅच म्हणत. शेतीच्या भाषेत सांगायचे तर वाफा! स्पर्धेतले निम्म्याहून अधिक गुण एके काळी या आकृत्यांवर असत. म्हणजे ज्याला वाफ्याचे भाडे परवडेना, तो स्पर्धेआधीच मागे पडे. १९९० सालानंतर मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून या आकृत्या काढून टाकण्यात आल्या, आणि पॅचचे तासही बहुतेक ठिकाणी बंद पडले.

पण पैसा ही एकच अडचण नव्हती. अमेरिकेत काळ्या वर्णाच्या लोकांना पुष्कळ रिंकवर पैसे देऊनही आत घेत नसत. इथे एका बाईचे नाव घेतलेच पाहिजे : मेबल फेअरबँक्स.

मेबलचा जन्म १९१५ साली फ्लोरिडात झाला. तिथे बर्फाचे नावही नको. लहानपणीच आईबापांचे छत्र गेले. पुढे ती न्यूयॉर्कला आली आणि मुले सांभाळण्याचे काम करू लागली. सेंट्रल पार्कमध्ये मुले स्केटिंग करताना तिने पाहिली, आणि तिच्या मनाने घेतले. गहाणवटीच्या दुकानातून तिने जुने स्केटचे बूट घेतले. ते दोन मापे मोठे. तिने आत कापूस कोंबला. आणि निघाली.

तिकीटघराशी तिला अडवण्यात आले. कारण एकच : कातडीचा रंग. ती परत गेली, पुन्हा आली. पुन्हा नकार, पुन्हा हजर. शेवटी रिंकच्या व्यवस्थापकाने तिला आत सोडले. तिच्या मामा-काकांपैकी एकाने तर घरातल्या खोलीत सहा फूट बाय सहा फूट एवढे बर्फाचे छोटे पटांगण करून दिले. सहा फुटांत काय होणार, असे आपण म्हणू. पण एका जागी उभे राहून गिरकी घ्यायला तेवढी जागा पुरते. मिळाली तेवढ्या जागेत जे शिकता येते, ते तिने शिकून घेतले. मॅरिबेल व्हिन्सन ही त्या काळची अमेरिकेची विजेती. तिने मेबलला मार्गदर्शन केले.

एवढे करूनही राष्ट्रीय स्पर्धेत तिला उतरता आले नाही. स्पर्धेला क्लबचे सभासदत्व लागे, आणि क्लब काळ्यांना घेत नसत. मग ती बर्फावरच्या खेळांच्या कंपन्यांतून देशोदेशी फिरली, आणि पुढे लॉस एंजलिसला शिक्षिका झाली. ज्यांच्या घरची परिस्थिती नव्हती, अशा मुलांना तिने फी न घेता शिकवले. तिचा शिष्य आटॉय विल्सन याला क्लबात प्रवेश मिळावा म्हणून तिने जोर लावला. त्याला प्रवेश मिळाला, आणि १९६६ साली नवोदितांच्या गटात तो राष्ट्रीय विजेता झाला. असे विजेतेपद मिळवणारा तो पहिला आफ्रिकी-अमेरिकन खेळाडू. मेबलला मात्र अमेरिकेच्या फिगर स्केटिंग संस्थेने सन्मानाच्या यादीत घेतले ते १९९७ साली, वयाच्या ऐंशीनंतर. १९९७ सालीच न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मुलींसाठी एक संस्था निघाली. मुलींना बर्फ मिळतो, शिक्षक मिळतो; अट एवढीच, की शाळेचा अभ्यासही सांभाळला पाहिजे. शिक्षक मंडळींना ही अट आवडावी.

आता इतरांनी आपली पाळी कशी साधली, ते थोडक्यात पाहू.

मिशेल क्वान ही अमेरिकेतल्या चिनी कुटुंबातली मुलगी. शाळेआधी सराव व्हावा म्हणून ती पहाटे तीनला उठे. मुलींच्या शिक्षणासाठी आईबापांनी घर विकले. पैसा तरीही पुरेना, तेव्हा लॉस एंजलिसच्या क्लबमधल्या एका सभासदाने मदतीचा हात दिला. ती पुढे पाच वेळा जगज्जेती झाली.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरातली जेन टॉर्व्हिल विमा कंपनीत कारकून होती, आणि क्रिस्टोफर डीन पोलीस शिपाई. त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. म्हणून सराव अवेळी, रिंक रिकामी असेल तेव्हा. शेवटी नॉटिंगहॅमच्या नगरपरिषदेने त्यांना ४२,००० पौंडांचे साहाय्य दिले, तेव्हा त्यांना नोकऱ्या सोडून पूर्ण वेळ सराव करता आला. १९८४ साली सारायेव्होच्या ऑलिंपिकमध्ये 'बोलेरो' या संगीतावर त्यांनी नृत्य केले, आणि कलागुणांसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी त्यांना सहापैकी सहा गुण दिले. आज त्या गावात रिंकसमोरच्या चौकाला बोलेरोचे नाव आहे. गावाच्या पैशातून गावाची दोन मुले शिकली, असे म्हणायला गावाला संकोच वाटत नाही.

सोव्हिएत रशियात सरकारच क्रीडाशाळा चालवी आणि निवडलेल्या मुलांना बर्फ फुकट मिळे. सोय मोठी होती. पण जे एका हुकमाने मिळते, ते एका हुकमाने जातेही. १९९१ साली ते राज्य मोडले आणि अनेक रिंक बंद पडल्या. येवगेनी प्लुशेन्को हा तेव्हा वोल्गोग्राडमधला लहान मुलगा. त्याच्या अकराव्या वर्षी तिथली रिंक बंद झाली. घर सोडून तो शेकडो मैल दूर सेंट पीटर्सबर्गला अलेक्सेई मिशिन या गुरूकडे गेला. २००६ साली तो ऑलिंपिक विजेता झाला. पण त्या गावातली जी मुले दूर जाऊ शकली नाहीत, त्यांचे काय झाले असेल, याचाही विचार मनात आणावा.

जपानमधल्या सेंडाई शहरात हीच वेळ आली होती. २००४ साली पैशाअभावी तिथली रिंक बंद झाली. युझुरू हान्यू हा मुलगा तेव्हा दहाएक वर्षांचा. त्याचा सराव एकदम तुटपुंजा झाला. त्याच रिंकवर शिकलेली शिझुका अराकावा २००६ साली ऑलिंपिक विजेती झाली. तिने आपल्या नावाचे वजन खर्च केले ते जुन्या रिंकसाठी, आणि २००७ साली ती पुन्हा उघडली. पुढे ११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या वेळी हान्यू त्याच बर्फावर होता. पायांतल्या स्केटसकट तो बाहेर धावला. रिंकची मोडतोड झाली, ती पुन्हा बंद. तेव्हा त्याने एक युक्ती केली. गावोगावी बर्फावरचे जलसे होत, त्यांत तो भाग घेऊ लागला. सुमारे साठ खेळ केले. प्रेक्षकांना तो खेळ, आणि त्याला सराव! २०१४ आणि २०१८ अशी सलग दोन ऑलिंपिक पदके त्याने जिंकली, दोन्ही सुवर्ण. आणि आपल्या आत्मचरित्राचे मानधन कोणाला दिले? सेंडाईच्या रिंकला. ज्या विहिरीचे पाणी प्यालो, तिचा गाळ काढायला आपणच उतरले पाहिजे, ही समज त्याने दाखवली.

आणि ज्यांची नावे कधी छापून येत नाहीत, ते काय करतात? तेही थोडे सांगतो. कोणी शाळा भरलेली असते अशा दुपारच्या सार्वजनिक वेळेत जातात. तिकीट कमी आणि गर्दीही कमी. दहाबारा जण मिळून एक तास भाड्याने घेतात, वर्गणी काढतात. कोणी रिंकवरच काम धरतात : भाड्याचे बूट देणे, झाडलोट, लहान मुलांना पहिले पाऊल शिकवणे, आणि मोबदल्यात रिकामा तास मागून घेतात. जुने बूट मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे जातात. आणि बर्फ नसेल त्या दिवशी उड्या अंगणातल्या मातीवर घोटतात. तालमीतल्या वस्तादांना हे नवे नाही.

आपल्या देशात काय आहे? शिमल्याला १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थाने नैसर्गिक बर्फाची रिंक सुरू केली. संध्याकाळी पटांगणावर पाणी शिंपडायचे, आणि निरभ्र रात्रीच्या थंडीने ते गोठायचे. यंत्र नाही. पण अलीकडे हिवाळे उबदार होत चालले आहेत, आणि तिथला हंगाम आखडत गेला आहे. हे शिमल्यालाच घडते आहे असे नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात रिडो कालव्यावर १९७० पासून दर हिवाळ्यात सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बर्फाचा मार्ग लोकांना मोफत खुला होई. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो पहिल्यांदाच एक दिवसही उघडता आला नाही. निसर्गाचा फुकट बर्फ असा आटत चालला, की यंत्राच्या बर्फाचे महत्त्व वाढणार, आणि त्याच्या तासांचेही.

देहरादूनला २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी मोठी रिंक बांधली. खेळ झाले, आणि मग ती वर्षानुवर्षे बंद राहिली. चालवण्याचा खर्च झेपेना. २०२५ साली ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात किती मुलांचे शिकण्याचे वय निघून गेले! आपल्या मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फाचे छोटे पटांगण होते. ते उद्यान २०२२ साली बंद झाले. महाराष्ट्रातली मुले म्हणून बहुतेक चाकांच्या स्केटवरच शिकतात.

श्रोतेहो, तुमच्या गावात बर्फाची रिंक व्हावी, असे माझे सांगणे नाही. पण गावात अशी जागा असतेच, की जी लोकांच्या पैशातून उभी राहिली आणि दिवसाचे कितीतरी तास कुलपात असते. शाळेचा मोठा वर्ग, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा दिवाणखाना, वाचनालयाची खोली, तालमीचा आखाडा. बांधायचा खर्च होऊन गेला आहे. तास मात्र रोज वाया जात आहेत. कोणाला तबला घोटायचा असेल, कोणाला परीक्षेचा अभ्यास करायला घरात दिवा आणि शांतता नसेल, कोणा मुलीला कबड्डीचा सराव करायचा असेल आणि मैदान मुलांनीच अडवले असेल.

शिक्षक बंधुभगिनींनी एवढे करावे. एक कागद घ्यावा. त्यावर गावातल्या अशा जागा लिहाव्यात, आणि त्या कोणत्या वेळी रिकाम्या असतात ते पुढे मांडावे. मग किल्ली कोणाकडे असते, ते लिहावे. आणि शाळेच्या फळ्यावर ही यादी मुलांना दिसेल अशी लावावी. सरपंचांकडे जावे, पंचांकडे जावे आणि तो रिकामा तास मागावा. पहिल्यांदा नाही म्हणतील. मेबल फेअरबँक्सलाही नाहीच म्हणाले होते. ती पुन्हा गेली.